संपादिकाबाईंची डोकेदुखी

खोटे बोलावे की बोलू नये, या प्रश्नावर प्राचीनांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु बोलायचेच झाल्यास ते सासूच्या विद्येच्या वाटेला जाणारे नसावे, याविषयी त्यांच्यापैकी एकानेही अवाक्षर काढलेले नाही. काढले असते, तर फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ‘संपादिकाबाईंचे डोके दुखत आहे’ असे न म्हणता ‘त्यांचा पाय मुरगळला आहे’ असे मी म्हणालो असतो. पाय मुरगळला की माणसे हाडवैद्याकडे जातात. डोके दुखू लागले की ग्रीसच्या किनाऱ्यावरील आमच्या प्रेवेझा गावात माणसे माझ्या सासूबाईंकडे येतात.

पण हे सारे समजण्यासाठी माझी त्या वेळची अवस्था सांगितली पाहिजे. एका खाजगी शिकवणी वर्गात मी मुलांना प्राचीन ग्रीक शिकवत असे. शरद ऋतूत ती नोकरी सोडून मी स्वतंत्र लेखक झालो. (‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ मी कोशात नीट पाहून घेतला होता, घरात पाहून घ्यायचे तेवढे राहिले.) माझी पत्नी एरास्मिया हिने आकांडतांडव केले नाही. तिने एक अट घातली, आणि अट घालताना ती हसली, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.

“संत पोलिकार्पच्या दिवसापर्यंत,” ती म्हणाली. “तुझ्या नामदिनापर्यंत कुठंही, काहीही, तुझ्या नावानिशी छापून येऊ दे. नाही आलं, तर पुढल्या सोमवारी मेनेलाओसकडे.”

(माझे नाव ज्या संतावरून ठेवले, त्याचा दिवस तो माझा नामदिन; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा करतात.) मेनेलाओस हा तिचा भाऊ. खाडीत पिंजरे सोडून त्यांत तो मासे वाढवतो. काठावर त्याची पत्र्याची खोली आहे. तिच्यात माशांच्या खाद्याची पोती असतात, आणि त्या पोत्यांवर नजर ठेवायला त्याला घरचा माणूस हवा होता. मेनेलाओसचा माझ्यावर मुळीच राग नाही. उलट माझ्या मापाचे, गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट त्याने स्वतः होऊन आणून दिले होते. ते आमच्या दाराशी उभे असत, आणि मी घरात कोठेही बसलो तरी त्यांची टोके माझ्याच दिशेला वळलेली आहेत असे मला वाटे.

अशा स्थितीत मी यानिना येथील ‘किनारा’ या मासिकासाठी एक लेख लिहून पाठवला होता. नामदिन अगदी तोंडावर आला असताना सकाळी माझा दूरध्वनी वाजला. मी तो घेऊन गच्चीत गेलो आणि दार लावून घेतले.

“पोलिकार्पोस ना? मी मेरोपी झिसी, ‘किनारा’ची संपादक. तुमचा लेख वाचला. म्हणजे, वाचत होते.”

‘वाचत होते’ हा अपूर्ण भूतकाळ मला खटकला. क्रियेची समाप्ती तो सांगत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षे बजावत आलो होतो.

“प्रेवेझाच्या बायका घरी सार्डिन मासळी कशी मुरवतात, यावर लिहायचं ठरलं होतं आपलं,” मेरोपीबाई म्हणाल्या.

“त्याच विषयावर आहे.”

“सार्डिन कुठं आहे त्यात?”

“नवव्या पानावर येते. तत्पूर्वी ‘मुरवणे’ या क्रियापदाची पार्श्वभूमी विशद केल्यावाचून…”

“मी दुसऱ्या पानावर थांबले, पोलिकार्पोस. पहिलं वाक्य संपलंच नव्हतं. लेख घेता येणार नाही. मनाला लावून घेऊ नका हं.”

मी मनाला लावून घेतले नाही. कठड्याला धरून मी उभा राहिलो. समोर खाडी दिसत होती, खाडीत मेनेलाओसचे पिंजरे दिसत होते. नकार कसा पचवावा, यावर नवोदितांसाठी लिहिलेले उपदेश मी वाचले होते. दीर्घ श्वास घ्यावा, फिरून यावे, नव्या उमेदीने लिहायला बसावे. दाराशी उभ्या असलेल्या बुटांसमोरून फिरायला बाहेर कसे पडावे, हे मात्र कोणीच लिहिलेले नव्हते.

आत आलो, तर स्वयंपाकघरात सासूबाई रानभाजी निवडत होत्या. त्यांचे नाव कलिरोई. माझे लग्न झाले त्या दिवसापासून त्या मला ‘मास्तर’ म्हणतात, आणि त्या हाकेत आदर किती आणि हिशेब किती, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

“कुणाचा फोन, मास्तर?”

खरे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. शपथेवर सांगतो, उघडले होते. पण त्याच वेळी एरास्मिया कपडे वाळत घालण्यासाठी खोलीतून आली, आणि माझ्या जिभेने परस्पर निर्णय घेतला.

“संपादिकाबाईंचा. लेखाचा निर्णय किंचित लांबणीवर पडला आहे. त्यांचे डोके दुखत आहे.”

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली.

येथे त्यांचा लौकिक सांगणे अवश्य आहे. आमच्या भागात दृष्ट काढावी ती कलिरोईबाईंनीच. समुद्रावर जाणारे कोळी, बोहल्यावर चढणाऱ्या मुली, नव्या मोटारी घेतलेले दंतवैद्य, सगळे त्यांच्याकडे येतात. एकदा तर त्यांनी बंद पडलेल्या बोटीच्या यंत्राची दृष्ट काढली आणि ते तत्काळ सुरू झाले. (दुरुस्ती करणारा कारागीरही त्या वेळी यंत्रात हात घालून बसला होता, पण त्याचे नाव कोणी घेत नाही.)

“केव्हापासून दुखतंय?” त्यांनी विचारले.

“सकाळपासून… असावे.”

“कुठल्या बाजूला?”

“डाव्या.” (का डाव्या, ते मला विचारू नका. उजव्या म्हटले असते तरी पुढचे टळले नसते.)

“डोळे जड झालेत का?”

“थोडे.”

“दृष्ट,” सासूबाई उठल्या. “बाप्तिस्म्याचं नाव सांग तिचं.”

“आई, कशाला उगाच? त्या गोळी घेतील.”

“गोळीनं दृष्ट जाते का गं, एरास्मिया?”

“छे, कशी जाईल?” एरास्मिया म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि दिवसभर डोकेदुखीच्या गोळ्या विकते.

मी नाव सांगितले. मनाशी म्हटले, करू द्या. यानिना शंभर किलोमीटरवर आहे, तेल आणि पाणी तेथवर काय पोहोचते! सासूबाईंनी खोलगट बशीत पाणी घेतले, त्यावर क्रूसाची खूण केली, आणि त्यांच्या सासऱ्यांकडून आलेला मंत्र ओठांतल्या ओठांत म्हणत तेलाचे थेंब सोडले. (हा मंत्र पुरुषाने स्त्रीला आणि स्त्रीने पुरुषालाच द्यायचा असतो. सासूबाईंनी तो मला द्यायचे एकदा मनावर घेतले होते. परंतु मी त्यातील एका विभक्तीवर हरकत घेतल्यामुळे तो विषय तेथेच मिटला.)

तेल पाण्यावर थेंब होऊन राहायला हवे होते. ते पसरले आणि नाहीसे झाले.

“अगं बाई गं!” सासूबाईंनी जांभई दिली. ती लहान जांभई नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पहिली संपते तोच दुसरी आली, मग एरास्मियाने दिली, मग मी दिली, मग खुर्चीवरच्या मांजरीनेसुद्धा दिली. “ही बाई उभी तरी कशी राहिलीय!”

“झाले ना आता?” मी विचारले.

“झालं कसं? उतरली का ते विचारायला नको? नंबर दे तिचा.”

मी माझा दूरध्वनी खिशात सरकवला.

“त्या कामात असतील, आई.”

“डोकं फुटत असताना कसलं काम करतेय ती?”

“मग मी विचारतो. गच्चीत जाऊन.”

“तू विचारलंस तर ती लेखाचं बोलायला लागेल. आजारी माणसाला कशाला त्रास?”

आणि मला काही सुचण्याच्या आत त्यांनी कपाटावरचा ‘किनारा’चा जुना अंक उचलला, त्याच्या शेवटच्या पानावरचा क्रमांक चष्म्याजवळ धरला आणि घरच्या दूरध्वनीची बटणे दाबली. त्यांचा एक कान कमी ऐकतो, म्हणून त्या नेहमी ध्वनिवर्धक लावूनच बोलतात. म्हणजे पलीकडचा प्रत्येक शब्द आता स्वयंपाकघरात पडणार होता. मी भिंतीतून येणाऱ्या तारेकडे पाहिले. ती पायाला अडकून निसटली असती, तर तो निव्वळ अपघात ठरला असता. मी अर्धे पाऊल सरकलो. एरास्मियाने माझ्याकडे पाहिले. मी ते अर्धे पाऊल परत घेतले.

“मेरोपी का? बाळ, मी प्रेवेझाहून कलिरोई बोलतेय. डोकं कसं आहे तुझं?”

पलीकडून अगदी वेगळ्याच, दबक्या आवाजात:

“तुम्हाला… कुणी सांगितलं?”

“ते राहू दे. कसं आहे?”

“फुटतंय हो. सकाळपासून. डावीकडून सुरू झालं.”

मी स्वयंपाकघरातील स्टुलावर बसलो. मी खोटे बोललो होतो, आणि ते खरे निघाले होते. सत्याने माझा इतका विश्वासघात यापूर्वी कधीच केला नव्हता.

“आत्ता गेल्या दोन-चार मिनिटांत जरा हलकं वाटतंय,” मेरोपीबाई म्हणाल्या. “तुम्ही डॉक्टर आहात का?”

“डॉक्टरला काय कळतंय यातलं! दृष्ट आहे, बाळ. जांभया देऊन देऊन जबडा निखळायची वेळ आली माझ्यावर.”

“खरंच? माझी आई असती तर तिनं हेच सांगितलं असतं…” आणि त्या क्षणी यानिनाच्या कार्यालयातील संपादिका नाहीशी झाली आणि डोके दुखणारी एक मुलगी तेवढी उरली. “पण कुणाची लागली असेल हो?”

हा प्रश्न तिने विचारायला नको होता.

“एरास्मिया, लवंगा आण.”

लवंगांची रीत आमच्याकडे सर्वांना ठाऊक असते, तरी सांगतो: लवंग सुईला टोचून मेणबत्तीवर धरायची आणि संशयिताचे नाव घ्यायचे. ती शांतपणे जळली तर तो निर्दोष. फट्‌दिशी फुटली तर तोच.

“घे नावं,” सासूबाई दूरध्वनीला म्हणाल्या.

“आमचे मुद्रक, काका थ्रासिवुलोस.”

लवंग निमूट जळाली.

“तो नाही. पुढं.”

“वरच्या मजल्यावरची ओलिंबिया. माझ्या कोटाकडं बघत होती परवा.”

“नाही. कोटाला लागली असेल, तुला नाही.”

“माझी नणंद, फेव्रोनिया.”

लवंग नुसती काळी पडली.

“तीही नाही.”

“नणंदेचं पुन्हा एकदा बघता का?” मेरोपीबाई म्हणाल्या. “नीट धरून?”

सासूबाईंनी दुसरी लवंग नीट धरली. फेव्रोनिया पुन्हा निर्दोष सुटली. पलीकडून एक खिन्न उसासा ऐकू आला.

“असं चाचपडून नाही व्हायचं,” सासूबाई म्हणाल्या. “डोकं सुरू झालं तेव्हा तू काय करत होतीस?”

“वाचत होते.”

“काय?”

“एक लेख आला होता.”

मी स्टुलावरून उठलो. दारापर्यंत जाणे शक्य होते. पण दारात एरास्मिया ओली चादर घेऊन उभी होती.

“कुणाचा लेख?”

“तुमच्या प्रेवेझाचेच आहेत कुणी. पोलिकार्पोस म्हणून.”

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्या डोळ्यांत पाहिले. माझे डोळे निळे आहेत. निळ्या डोळ्यांच्या माणसाची नजर त्याच्या नकळतही बाधते, असे आमच्याकडे मानतात, आणि हा दोष सासूबाईंनी आमचे लग्न ठरत असतानाच मोठ्याने बोलून दाखवला होता. त्यांनी एक लवंग निवडली. जाडजूड, चांगली टपोरी निवडली. ती ज्योतीवर धरली आणि माझे नाव उच्चारले.

मी संत पोलिकार्पचा धावा केला. तो हुतात्मा होता, जाळ म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक होते. निदान एका लवंगेपुरती तरी त्याने माझी बाजू घ्यावी, एवढीच माझी मागणी होती.

फट्!

बंदूक उडावी तसा आवाज झाला. मांजर कपाटावर गेली. लवंगेचा एक तुकडा माझ्या सदऱ्यावर येऊन पडला, जणू ओळख पटवण्यासाठी.

“सापडला!” सासूबाई ओरडल्या.

“तोच!” पलीकडून मेरोपीबाई ओरडल्या. “मला वाटलंच! दुसऱ्या पानावर असतानाच डाव्या बाजूनं कळ आली बघा. वाक्य संपेना, मला श्वास घेता येईना. कोण माणूस आहे हा? तुम्ही ओळखता?”

“ओळखते की. माझा जावई आहे.”

“अरेरे,” मेरोपीबाई म्हणाल्या. तो कळवळा माझ्यासाठी नव्हता. “म्हणजे घरातच?”

“घरातच. रोज समोर बसून जेवतो.”

दारात उभी असलेली एरास्मिया चादर घेऊन पुढे आली. “मेरोपीबाई, मी त्याची बायको. म्हणजे लेख वाचून झालाय तुमचा?”

“मी सकाळीच कळवलं त्यांना. घेता येणार नाही म्हणून.”

एरास्मियाने हातातली ओली चादर एकदा करकचून पिळली.

“पोलिकार्पोस,” एरास्मिया सावकाश म्हणाली, “तू तर म्हणालास, त्यांचं डोकं दुखतंय.”

“दुखतच होते.”

“ते तुला माहीत होतं?”

“नाही.”

“मग?”

आयुष्यभर शब्दांची उपासना केलेल्या माणसाला अशा वेळी एखादा तरी शब्द सापडावा; मला एकही सापडला नाही. मी नुसते ‘त… त्या…’ करत राहिलो. (हा सबंध दिवसातला माझा सर्वांत सुटसुटीत मजकूर, असे एरास्मिया पुढे म्हणाली.)

“भांडण मागाहून,” सासूबाईंनी हात वर केला. “आधी त्या पोरीला मोकळी करू. ज्याची लागली त्यानंच उतरवायला हवी. मास्तर, इकडं ये. थुंक.”

“कोणावर?”

“तिच्यावर. फोनमध्ये. तीनदा.”

“आई, त्या संपादिका आहेत!”

“थुंका हो, पोलिकार्पोस,” दूरध्वनीतून आवाज आला. “अजिबात संकोच करू नका.”

लेखनकला जन्माला आल्यापासून नाकारल्या गेलेल्या प्रत्येक लेखकाने मनातल्या मनात जी इच्छा जोपासली असेल, ती प्रत्यक्ष संपादकांच्या विनंतीवरून पुरी करण्याची संधी माझ्यापुढे चालून आली होती. आणि माझ्या घशाला भीतीने अशी कोरड पडली होती की तोंडात थेंबभर लाळ नव्हती. एरास्मियाने मला पाणी दिले. दिले म्हणण्यापेक्षा ते माझ्यासमोर आदळले.

मी वाकलो. “थू,” असे म्हणालो.

“मनापासून कर, मास्तर!”

“थू!”

“आणखी एक.”

मला बूट आठवले. पिंजरे आठवले. नऊ पाने लिहिताना घालवलेली सारी थंडी आठवली. “थूः!”

“ही छान होती,” मेरोपीबाई म्हणाल्या. “पहिली जरा कृत्रिम वाटली. दुसरीत घाई होती. पण ही तिसरी उत्तम. थेट, भावना आहे आणि थोडक्यात आहे.” मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला. “अगंबाई! उतरलं की हो! अगदी स्वच्छ!”

माणूस बुडताना काय धरील याचा नेम नाही. मी तो आनंदाचा क्षण धरला.

“मेरोपीबाई,” मी म्हणालो, “डोके दुखत असताना जो लेख आपण वाचलात, त्याला पूर्ण न्याय मिळाला असेल, असे आपणांस वाटते का? आता, स्वच्छ डोक्याने, पुन्हा एकदा…”

एरास्मियाच्या हातातली चादर थोडी खाली आली.

“खरं आहे तुमचं,” मेरोपीबाई म्हणाल्या. “एवढं तरी मी तुमचं देणं लागते. सगळा वाचते. शेवटपर्यंत.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. दूरध्वनी वाजला की माझा घास अडके, आणि वाजला नाही की झोप उडे. एरास्मिया माझ्याशी बोलत होती, पण मिठाची बाटली मागण्यापुरतीच. आशा ही किती भयानक गोष्ट आहे, हे मला तेव्हा समजले. नकार एकदाच घाबरवतो. आशा दर घंटीला घाबरवते.

नामदिन उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे कोणाला बोलवायचे नसते, दार उघडे ठेवायचे असते; त्यामुळे जे येऊ नयेत असे वाटते, ते सर्वांत आधी येतात. मेनेलाओस मिठाईचा पुडा घेऊन आला आणि त्याने बुटांकडे पाहून समाधानाने मान हलवली. शेजारी आले, शिकवणी वर्गातले जुने सहकारी आले. बैठकीची खोली माणसांनी भरली, सगळ्यांच्या हातात पेले होते, आणि अशा वेळी घरचा दूरध्वनी वाजला.

मी धावलो. सासूबाई जवळ होत्या.

“हॅलो? मेरोपी! कसं आहे डोकं, बाळ?”

“एकदम छान, आई!” ध्वनिवर्धकातून आवाज सगळ्या खोलीत घुमला. “पोलिकार्पोस आहेत का? त्यांना नामदिनाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या.”

“येथेच आहे,” मी पुढे झालो. पेले हवेत थांबले. एरास्मिया स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि त्या क्षणी तो लेख छापून यावा असे तिलाही वाटत होते, हे मला स्पष्ट दिसले. त्यामुळे माझी भीती दुप्पट झाली.

“पुष्कळ वर्षं जगा, पोलिकार्पोस! तुमचा लेख वाचला. डोकं शांत असताना, खिडकीत बसून, सगळा वाचला. खरं सांगते, तुम्ही बोललात तेव्हापासून मला अपराधी वाटत होतं. म्हटलं, दुखण्याच्या भरात आपण एखाद्या लेखकावर अन्याय तर केला नाही ना?”

“आणि?” मी विचारले.

“नाही केला,” मेरोपीबाई आनंदाने म्हणाल्या. “मनावरचं ओझंच उतरलं माझ्या.”

मेनेलाओसने माझ्या पाठीवर थाप मारली. ती सांत्वनाची होती; पण तिला माशांच्या खाद्याचा वास होता.

“तेवढं आईंना पुन्हा फोन देता का?” पलीकडून आवाज आला. “आमच्या कलाविभागाच्या प्रमुखांचंही सकाळपासून डोकं धरलंय.”

आता मी पत्र्याच्या खोलीत बसतो. खाद्याच्या पोत्यांना माझ्या भाषेचा त्रास होत नाही. लिहिणे मी सोडलेले नाही. काठावर ऊन आले की लिहितो, आणि पात्रा, लारिसा, अथेन्स, जेथे जेथे मासिके निघतात तेथे तेथे पाठवतो. कोठूनही उत्तर येत नाही. परंतु त्या त्या गावांहून सासूबाईंना दूरध्वनी मात्र येतात, कारण मेरोपीबाईंनी त्यांचा क्रमांक आपल्या व्यवसायबंधूंना मोठ्या मनाने दिला आहे. सासूबाईही आता पूर्वीसारख्या एकदम तेल-पाणी घ्यायला धावत नाहीत, लवंगाही वाया घालवत नाहीत. संपादक आपले दुखणे सांगू लागला, की त्या आधी शांतपणे एवढेच विचारतात:

“बाळ, प्रेवेझाहून एखादं जाडजूड पाकीट आलंय का तुझ्याकडे? आलं असेल, तर उघडू नकोस.”